ताईचा रम पंच आणि तो पुढे कोणी करायचा

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, निवृत्त कंपाउंडर, अविवाहित, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे. कानांना थोडे कमी ऐकू येते, पण त्याचा मालमत्तेशी संबंध नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही आणि यापुढे कोणाची भीडही नाही. आज शनिवार आहे. शनिवारचे नाव काढले की माझा भाऊ काय म्हणेल हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच नमूद करते, की सकाळपासून माझ्या पोटात चहा आणि टोस्ट यांखेरीज काही गेलेले नाही. रमचा थेंबही नाही. डॉक्टरांनी माझा श्वास हुंगून तशी खात्री केली आहे. हुंगताना ते हसत होते, पण खात्री केली आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाई करतील. त्यांनी पहिला मसुदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"अहो, घर कुणाला, पैसे कुणाला, तेवढं लिहा. एका पानात होतं."

"मी आयुष्यभर एका पानातच बोलले आहे," मी म्हटले.

त्यावर त्यांनी चष्मा परत लावला आणि फक्त शुद्धलेखन तपासले.

या कागदात येणारी माणसे थोडी आहेत. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, गेल्या हिवाळ्यात वारली. दादा, म्हणजे आमचा मधला भाऊ, त्याचे टायरचे दुकान आहे. वहिनी, दादाची पत्नी. आणि दादाची मुलगी, माझी भाची, जिला ताईने पायलट हे नाव ठेवले आणि तेच पडले. ती शहरबस चालवते.

कलम पहिले. घर.

दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची मोठी खिडकी, एवढे हे घर आहे. ते वडिलांचे नाही. ताईने आणि मी नोकरी करून, निम्मे निम्मे घेतले. दादा चारचौघांत त्याला "आमचं जुनं घर" म्हणतो. जुने आहे हे खरे. ताईने आपला हिस्सा ती असतानाच माझ्या नावे केला, त्यामुळे आज संपूर्ण घर माझे आहे आणि मी ते पायलटला देत आहे.

कारण द्यावे लागत नाही असे वकीलबाई म्हणाल्या. मला द्यायचे आहे. पायलट नवऱ्याचे घर सोडून निघाली तेव्हा प्रथम वडिलांकडे गेली. दादाने तिला दुकानाच्या पायरीवरूनच सांगितले, "परत आलेल्या मालाला माझ्याकडे जागा नाही." दादा असा बोलतो. मग ती पेटी घेऊन आमच्याकडे आली. तो शनिवार होता. ताईने दार उघडले तेव्हा तिच्या हातात सुरी होती आणि कोपरापर्यंत अननसाचा रस. तिने पायलटकडे पाहिले, पेटीकडे पाहिले, आणि काय झाले, का झाले, एक अक्षर विचारले नाही.

"पेटी आत ठेव आणि हात धू," ती म्हणाली. "संत्री पिळायची आहेत."

पायलट त्या दिवशी रडत रडत संत्री पिळत होती, आणि ताई तिला ओरडत होती, "अगं, बी पडतंय! रडायचं तर रड, पण गाळणीवर रड."

तेव्हापासून ती आमच्या बाहेरच्या खोलीत आठ महिने राहिली आणि नंतर भाड्याने खोली घेतली. यापुढे तिला भाडे पडू नये. बापलेकीत मी फूट पाडली असे दादा म्हणेल. फूट होतीच. आम्ही तिच्यावर छप्पर घातले.

कलम दुसरे. ताईचा पंच म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी.

ताई एका मोठ्या हॉटेलात फळांच्या टेबलावर काम करत असे. सकाळपासून दुपारपर्यंत अननस सोलणे, संत्री पिळणे, डाळिंबे फोडणे. तिने काढलेला रस बारवर जाई आणि तिथली गडीमाणसे त्याचा पंच करीत. बारच्या आत बायकांनी पाऊल टाकायचे नाही असा तिथला रिवाज होता. ताईने एकदा मुख्य बारवाल्याला विचारले, "रस माझा, मग हात का तुमचा?"

तो म्हणाला, "बाई, मिसळायला मनगट लागतं."

ताईने त्याला आपले मनगट दाखवले. दिवसाला टोपलीभर अननस सोलणारे मनगट होते ते. तो भला माणूस असावा, कारण त्याने दुसऱ्या दिवसापासून बारच्या पडद्याची एक बाजू थोडी उघडी ठेवली. ताई फळे कापता कापता पाहून शिकली. निवृत्त होताना हॉटेलने तिला भिंतीवरचे घड्याळ देऊ केले. तिने घड्याळ नको म्हणून संत्री पिळायचे लोखंडी दाबयंत्र मागितले, ज्याच्या दांड्याने तिच्या हाताला घट्टा पडला होता. ते आजही ओट्यावर आहे.

दर शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे पंच होई. एकच काचेचा जग भरून, त्यापेक्षा जास्त कधी नाही. येणारे ठरलेले: तळमजल्यावर चष्म्यांचे दुकान असलेले शेजारी, म्हणजे आमचे चष्मेवाले, ताईचे डॉक्टर, पायलट, कधी तिची एखादी सहकारी. खिडकी सताड उघडी आणि दारही उघडे. हे ताईचे सांगणे होते. दादाही पितो, हे मी येथे लिहून ठेवते, कारण तो ते कुठेच लिहिणार नाही. दुकानामागच्या खोलीत, दार लावून, परदेशी व्हिस्की. ताई म्हणे, "दार लावून घेतलं की चव कशी कळते, दादाला विचारायला हवं."

जो रम घेत नाही त्याला रमशिवायचा पंच मिळे, त्याच जातीच्या ग्लासात, तसाच रंग, तसेच जायफळ. कोणाच्या ग्लासात काय आहे हे कोणी कोणाला विचारायचे नाही आणि कोणी सांगायचे नाही. हा आमच्या टेबलाचा एकमेव नियम. घराबरोबर तो नियमही पायलटला मिळतो.

कलम तिसरे. ताई कशी गेली.

ताईच्या हृदयाची एक झडप लहानपणीच्या तापात खराब झाली होती. डॉक्टरांनी तिला अनेक वर्षे औषध दिले आणि ते औषध मी स्वतः बांधून आणत असे. शनिवारचा एक ग्लास डॉक्टरांना ठाऊक होता. ते म्हणत, "जिने चढू नका, भांडू नका, एका ग्लासाचं मी पाहून घेतो." ताईने जिने सोडले, भांडणे चालू ठेवले. शेवटच्या महिन्यात तिने ग्लासही सोडला होता, पण पंच मात्र ती काचेच्या जगाशी उभी राहून करून घेई. मी तिच्या पाठीशी खुर्ची ठेवी, ती बसत नसे.

ती झोपेतच गेली. आम्ही तिला पोचवून परत आलो तेव्हा घरात दादा आधीच येऊन बसला होता. मोरीत बाटल्या उलट्या केलेल्या होत्या. पांढऱ्या रमची नवी बाटली, काळ्या रमची अर्धी, आणि ताईने आदल्या आठवड्यात आटवलेला डाळिंबाचा पाकसुद्धा. मोरी लाल झाली होती. पाकात दारू नसते, हे त्याला कोणी सांगायला हवे होते.

लोक भेटायला येत होते. दादा दारात उभा राहून प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होता. "काय सांगणार? बाटलीनं नेली."

मी आतल्या खोलीत होते आणि मला ते ऐकू येत होते. त्या दिवशी माझे कान चांगले चालले. मी बाहेर येऊन काही बोलले नाही. लोकांनी आणि दादानेही मी ते मान्य केल्यासारखे धरले. ती संमती नव्हती. ते फक्त दुःख होते, आणि दुःखात मला बोलता येत नाही. आता येते.

कलम चौथे. किरकोळ वस्तू.

लोखंडी दाबयंत्र घराबरोबर राहील. ओट्यावरून हलवू नये.

माझे काचेचे मोजपात्र, जे दवाखान्याच्या औषधखोलीतून निवृत्तीच्या दिवशी मला रीतसर भेट मिळाले (दादाने "उचललं" असे म्हटले होते, ते खोटे आहे), ते चष्मेवाल्यांना. त्यांना आकड्यांच्या रेघा वाचायला आवडतात. त्यांनी त्यात फुले ठेवू नयेत.

माझी बचत, जी आहे ती, दवाखान्याच्या औषधखोलीला द्यावी, म्हणजे तिथे एक चांगले शीतकपाट येईल. जुने कपाट रात्री बंद पडते, हे मी बारा अर्जांत कळवले आहे. माझ्या नावाची पाटी लावू नये. लावायचीच तर अर्ज लावावेत.

ताईची खिडकीजवळची वेताची खुर्ची वहिनीला. दादाला नव्हे, दोघांना मिळून नव्हे, वहिनीला. कशासाठी हे वहिनीला माहीत आहे आणि त्यापलीकडे कोणाला माहीत असण्याची गरज नाही.

दादाने मागच्या वर्षी "आठवण म्हणून" नेलेला ताईचा रेडिओ परत आणावा. आठवण त्याच्याकडे राहू द्यावी, रेडिओ आणावा. तो पायलटचा.

कलम पाचवे. पंच करण्याची रीत.

हे कलम वकीलबाईंच्या मते कायद्याने बंधनकारक होऊ शकत नाही. नको होऊ दे. पायलट पाळील.

संत्री पिकलेली, पातळ सालीची घ्यावीत. दाबयंत्राचा दांडा हळू खाली आणावा आणि सालीचा पांढरा भाग चिरडू लागला की थांबावे, नाहीतर रस कडू होतो. अननस किसून मलमलच्या फडक्यातून गाळावा. फडके पिळताना घाई करू नये. डब्यातला रस आणू नये. ताई त्याला "कारखान्याचं पाणी" म्हणे. डाळिंबाच्या रसात साखर घालून मंद आचेवर पाक करावा. त्याला खळखळून उकळी आली की रंग जातो आणि चवही जाते. लिंबू सगळ्यात शेवटी, सगळे जमल्यावर पिळावे. आधी पिळून ठेवलेले लिंबू म्हणजे शिळे बोलणे.

माप असे: संत्र्याचा रस दोन वाट्या, अननसाचा दोन, पांढरी रम दीड, लिंबू अर्धी वाटी, डाळिंबाचा पाक अर्धी वाटी. हे सर्व जगात ढवळावे. बर्फाचे छोटे तुकडे घालू नयेत, ते लगेच विरघळतात आणि पंच पाणचट होतो. आदल्या दिवशी स्टीलच्या डब्यात पाणी गोठवावे आणि तो अख्खा गोळा जगात सोडावा. पंच ग्लासात ओतल्यावर वरून काळी रम, चमच्याच्या पाठीवरून, अगदी सावकाश, म्हणजे ती तळाशी जात नाही, वर तरंगते. शेवटी जायफळाची चिमूट. रमशिवायच्या ग्लासावर त्याच जागी थोडा घट्ट पाक सोडावा, म्हणजे रंग सारखा दिसतो.

आता पाकाबद्दल. वर मी अर्धी वाटी लिहिले आहे. ते बरोबर नाही, आणि बरोबर आकडा मला ठाऊक नाही. त्याचे कारण असे.

ताई गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी दादाने ओतून दिलेले सर्व सामान मी पुन्हा आणले. पाक केला. मोजपात्राने मोजून, नेहमीच्याच मापाने, मी एकटीने पंच केला. सगळे आले. सगळ्यांनी पहिला घोट घेतला. डॉक्टरांनी डोळे मिटले. चष्मेवाले म्हणाले, "छान झालाय हो," आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले.

पायलटने ग्लास खाली ठेवला. "आत्या, हा पंच आहे की खोकल्याचं औषध?"

"मापाने केलाय."

"मग माप चुकलंय."

"माझं माप चुकत नाही," मी म्हटले. चाळीस वर्षे औषधे मोजणाऱ्या बाईला कोणी असे म्हणू नये.

"मग तुझी जीभ चुकलीय. घे, तूच घे."

मी घेतला. आंबटढाण होता. तो घोट तोंडात असतानाच मला समजले. मी नेहमी पाक थोडा कमी मोजत असे, कारण मला माहीत होते, की माझी पाठ फिरली की ताई आपल्या अंदाजाने आणखी ओतणार. आणि ताई नेहमी आणखी ओतत असे, कारण तिला माहीत होते, की मी कमी मोजते. इतकी वर्षे आम्ही दोघींनी हे एकमेकींना सांगितले नाही. ती ओतत असे तेव्हा मी मुद्दाम बर्फ काढायला वळत असे. त्यामुळे ती नेमका किती ओतत असे हे मी कधी पाहिलेच नाही. आमच्या पंचाचे खरे माप माझ्या मोजपात्रात कधीच नव्हते. ते आमच्या दोघींच्या मध्ये होते.

त्या संध्याकाळी मी प्रथमच सगळ्यांसमोर रडले. पायलट उठली, पाकाचे भांडे घेतले, आणि म्हणाली, "आत्या, बर्फ बघ जरा." मी वळले. मागे पाक ओतल्याचा आवाज झाला. पंच ताईसारखा झाला नाही, पण प्यावासा झाला.

म्हणून या मृत्युपत्राने मी असे ठरवून देते: हा पंच एकट्याने करू नये. एकाने मोजावे आणि थोडे राखावे. त्याची पाठ फिरली की दुसऱ्याने घालावे. पायलटने आपला दुसरा माणूस स्वतः निवडावा. तो नवरा असलाच पाहिजे असे नाही, असू नयेच असेही नाही. वळल्यावर मागे पाहत नाही असा असावा, एवढेच.

कलम सहावे. दादा.

येथे वकीलबाईंनी दोन वेळा लाल पेन उचलून खाली ठेवला आहे.

मागच्या महिन्यात एका शनिवारी आम्ही टेबलाशी बसलो होतो. चष्मेवाल्यांनी काहीतरी सांगितले आणि सगळे मोठ्याने हसलो. दार उघडेच होते. दादा जिना चढून दारात येऊन उभा राहिला.

"अजून चालूच आहे का हे?"

"ये दादा, बस," मी म्हटले.

"बसायला नाही आलो. खाली कोपऱ्यापर्यंत हसणं ऐकू येतंय. एकीला बाटलीनं नेलं, तरी डोळे उघडत नाहीत तुमचे?"

डॉक्टरांनी ग्लास टेबलावर ठेवला. "तुमच्या बहिणीला मी तपासत होतो. तिला—"

"डॉक्टर, तुम्हीही ग्लास घेऊनच बसलाय. तुमचं कोण ऐकणार?"

डॉक्टरांच्या ग्लासात रम नव्हती. त्यांच्या ग्लासात कधीच नसते. एक शब्द बोलले असते तर दादाचे तोंड तिथेच बंद झाले असते. पण टेबलाचा नियम होता आणि त्यांनी तो पाळला. अपमान गिळून पाळला. त्या गोष्टीसाठी त्यांना काही द्यावे असे माझ्या मनात होते, पण ते साक्षीदार असल्यामुळे त्यांना काही देता येत नाही. म्हणून फक्त येथे लिहून ठेवते. त्यांच्या ग्लासाबद्दल लिहायला त्यांनी आज परवानगी दिली आहे.

पायलट म्हणाली, "बाबा, पुढे सरका नाहीतर खाली उतरा. दारात उभं राहायचं नाही."

चष्मेवाल्यांना हसू आले आणि त्यांनी ते खोकल्यात घातले. दादा लाल झाला. "तू गप्प बस, ड्रायव्हरीण. तुला हिनंच डोक्यावर चढवलं. हिनं आणि त्या दारूबाज बाईनं."

दारूबाज हा शब्द त्याने ताईसाठी वापरला. मी उठून उभी राहिले. मी मोठ्याने बोलत नाही, त्या दिवशीही बोलले नाही.

"दादा, शाळेत जाताना ताईचं दप्तर कोण उचलायचं?"

"काय?"

"चढावर. शाळेच्या. ताईचं दप्तर कोण उचलायचं?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"कोण उचलायचं, एवढंच सांग."

त्याने डॉक्टरांकडे पाहिले. मग म्हणाला, "मी. आईनं सांगितलं होतं म्हणून."

"आईनं का सांगितलं होतं?"

"तिला... दम लागायचा."

"तेव्हा ती काय प्यायची रे?"

दादाचा हात डाव्या खांद्याकडे गेला, जिथे दप्तराचा पट्टा असायचा. मला वाटते, हात तिथे गेल्याचे त्याला कळले नाही. मुले त्याला हमाल म्हणून चिडवत आणि तो ते ताईवर काढत असे, हे मला आठवते. मी सर्वांत लहान, दोघांच्या मागून चालायची. पण दप्तर त्याने एक दिवसही टाकले नाही, हेही मला आठवते.

तो जिना उतरून गेला. त्याने काही कबूल केले नाही. पुढच्याच आठवड्यात मामेभावाकडे त्याने पुन्हा बाटलीचीच गोष्ट सांगितल्याचे माझ्या कानावर आले आहे.

तो असे का करतो यावर मी बराच विचार केला. माझ्या समजुतीप्रमाणे, ताई बाटलीने गेली असे म्हटले की ती स्वतःच्या हाताने गेली असे होते, आणि तिच्याकडे कधी फिरकलो नाही याचे उत्तर मग कोणाला द्यावे लागत नाही. ही माझी समजूत आहे. चूक असेल. पण त्याच्या सोयीसाठी मी माझ्या बहिणीचे नाव देणार नाही.

वकीलबाईंनी सुचवले, की दादाने सर्वांसमोर खरे सांगितले तर त्याला घराचा काही हिस्सा मिळेल, अशी अट घालता येईल. मी अट घालत नाही. अट घातली तर तो सांगेल. खोल्या मिळणार म्हटल्यावर तो दुसऱ्याच दिवशी येऊन ताईला देवी म्हणेल. तसले बोलणे मला विकत घ्यायचे नाही, आणि ताईने तर दारातच त्याला विचारले असते, भाव काय लावलास.

दादाला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही.

शनिवारच्या टेबलाशी त्याला बसायचे असल्यास बसू द्यावे. इतरांसारखा ग्लास द्यावा. काय घालून ते त्याने सांगावे आणि बाकीच्यांनी विसरावे.

कलम सातवे. माझ्या मागे.

माझे शेवटचे सोपस्कार साधे असावेत. भाषण नको. माझ्या जाण्याचे कारण डॉक्टर सांगतील. दुसऱ्या कोणी सांगितले तर ते ग्राह्य धरू नये.

लोक भेटायला येतील त्या दिवशी, घराची किल्ली पायलटच्या हातात देण्यापूर्वी, वकीलबाईंनी पुढील मजकूर उभे राहून, जिन्यात ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात वाचावा. दादा त्या वेळी हजर असावा. तो उशिरा येणार असेल तर थांबावे.

"माझी ताई हृदयाच्या झडपेच्या आजाराने गेली. तो आजार तिला लहानपणीच्या तापाने दिला. ती शनिवारी एक ग्लास पंच घेत असे, उघड्या दारात, आणि त्याची तिला लाज नव्हती, मलाही नाही. ती कशाने गेली हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक होते. दादाला सर्वांत जास्त ठाऊक होते, कारण तिचे दप्तर त्याने वाहिले."

वाचताना दादा मध्येच बोलू लागल्यास वकीलबाईंनी थांबावे, त्याचे बोलणे पुरे होऊ द्यावे, आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचावे. तो जितक्या वेळा बोलेल तितक्या वेळा. त्या दिवशी कोणाला घाई नसेल, मला तर नसेलच.

दादा माझ्याआधी गेला, तर मात्र हा मजकूर वाचू नये आणि सहावे कलम कोणाला दाखवू नये. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. ताईच्या बाबतीत हे काय असते ते मी वर्षभर पाहिले आहे. तसे मी त्याच्याशी करणार नाही.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी लिहून, वाचून, दोन ठिकाणी खोडून आणि खोडलेल्या जागी सही करून पुरे केले.

सही: निवृत्त कंपाउंडर, ताईची बहीण

आम्ही खाली सही करणारे साक्षीदार लिहून देतो, की वरील बाईंनी आमच्या देखत सही केली आणि आम्ही त्यांच्या देखत केली. त्या पूर्ण शुद्धीत होत्या. या मृत्युपत्राने आम्हा दोघांना एका मोजपात्राखेरीज काही मिळत नाही, आणि ते मोजपात्र मी, दुसरा साक्षीदार, साक्षीचा हक्क शाबूत राहावा म्हणून येथेच सोडून देत आहे. ते पायलटने ठेवावे.

साक्षीदार पहिला: डॉक्टर, ताईंवर अखेरपर्यंत उपचार करणारे. तिसऱ्या कलमातील आजाराचे वर्णन बरोबर आहे.

साक्षीदार दुसरा: चष्मेवाले, तळमजला. तो पंच छान झाला नव्हता.

ठिकाण: दुसरा मजला, स्वयंपाकघर. पायलट लाभार्थी असल्यामुळे सह्या होईपर्यंत तिला बाहेर जिन्यात बसवले आहे.

तारीख: सहीखाली माझ्या हाताने घातली आहे. वार शनिवार.